छायाचित्रावरील संस्कार : वाई, महाबळेश्वर व कास

प्रवासाहून परतल्यावर तेथील छायाचित्रें घरच्या सर्व मंडळींनीं एकत्र बसून पाहणें, हा आतां आपल्या कुटुंबांतील नित्याचा प्रसंग झाला आहे. पूर्वीं यात्रेहून आलेला मनुष्य गंगाजळ आणि प्रसाद घेऊन येई. आतां त्यांच्या जोडीला दोन-तीनशें चित्रें येतात. तीं दाखविणाऱ्याच्या तोंडून बहुधा एकच उद्गार निघतो : “प्रत्यक्षांत फार सुंदर होतें, चित्रांत तें उतरलेंच नाहीं!” दरी उथळ दिसते, ढग पांढरे फटफटीत दिसतात, आणि ज्या हिरव्या उतारापुढें आपण अर्धा तास स्तब्ध उभे होतों, तो उतार मळकट पोपटी दिसतो. अशा वेळीं घरांतील एखादा तरुण तें चित्र आपल्या हातीं घेतो, पडद्यावर दोन-चार वेळां बोट फिरवितो, आणि क्षणांत आकाश मोरचुदासारखें निळें व डोंगर रंगपंचमी खेळल्यासारखे होऊन बसतात. मुलें टाळ्या पिटतात. पण जो डोंगर पाहिला तो त्या चित्रांत कोठेंच नसतो.

एका बाजूला निर्जीव चित्र आणि दुसऱ्या बाजूला खोटें चित्र, या दोहोंमधून एक सरळ वाट जाते. ती शिकण्यास सोपी आहे व तिला खर्चहि फारसा लागत नाहीं. गौरी-गणपति आटोपल्यावर, पाऊस ओसरतांना, आम्ही मंडळी वाई, महाबळेश्वर आणि कास या तीन ठिकाणीं हिंडून आलों. त्यांपैकीं प्रत्येक स्थळ या वाटेवरील एकेक पाऊल शिकविण्यास जणूं मुद्दाम योजल्यासारखें आहे. म्हणून त्या स्थळांचें वर्णन व ही विद्या, दोन्ही एकत्रच सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चित्र घेतल्यानंतर त्याच्यावर जें काम करावयाचें त्याला सामान्यतः एडिटिंग म्हणतात. आम्ही त्याला संस्कार म्हणतों, व तें केवळ शब्दाच्या हौसेनें नव्हे. आपल्या शास्त्रकारांनीं संस्काराचीं दोन अंगें सांगितलीं आहेत : दोषापनयन, म्हणजे वस्तूंतील दोष दूर करणें, आणि गुणाधान, म्हणजे तिच्या ठिकाणीं गुण स्थापन करणें. पितळेचें भांडें घासणें हें दोषापनयन, आणि त्याला कल्हई करणें हें गुणाधान. सृष्टिचित्राच्या बाबतींत पहिलें अंग बहुतेक निर्धोक असतें; दुसरें मात्र फार बेतानें करावें लागतें.

प्रथम दोष येतो कोठून तें पाहूं. मनुष्याचा डोळा सारें दृश्य एका दमांत पाहत नाहीं. तो उजळ ढगाकडे वळला कीं बाहुली आकुंचन पावते, दरींतल्या सांवलीकडे वळला कीं ती विस्तारते, आणि अशा अनेक दृष्टिक्षेपांतून मेंदु एक अखंड दृश्य रचतो. कॅमेरा साऱ्या चौकटीला एकच माप लावतो. ढगांचें माप धरलें तर दरी काळी पडते. दरीचें धरलें तर ढग कोरे पांढरे होऊन जातात. शिवाय नेहमींच्या जेपेग पद्धतीच्या चित्रांत तांबडा, हिरवा व निळा यांपैकीं प्रत्येकाच्या अवघ्या २५६ पायऱ्या साठविलेल्या असतात. रॉ नांवाच्या पद्धतींत त्याच ४,०९६ किंवा १६,३८४ असतात. म्हणून ज्यांना पुढें संस्कार करावयाचा आहे त्यांनीं शक्य तेथें रॉ पद्धति निवडावी. काळोखांत दडलेला तपशील तींतून पुष्कळसा परत मिळतो. जेपेगमधून तो ओढूं गेल्यास डाग व पट्टे उमटतात. जें पूर्ण पांढरें होऊन गेलें तें मात्र कोणत्याच पद्धतींत परत येत नाहीं. यावरून पहिला नियम निघतो : चित्र घेतांना ढगांना जपावें, सांवलीची काळजी मागाहून घेतां येते.

कित्येकांचें म्हणणें असें असतें कीं, हात न लावलेलें चित्र तेंच खरें. परंतु असें अस्पर्श चित्र आज बहुधा आढळतच नाहीं. अलीकडचा मोबाइल फोन एका स्पर्शासरशीं अनेक चित्रें टिपतो, त्यांची बेरीज करतो, सांवली उजळतो, आकाश सांवरतो, आणि मगच तें आपल्यापुढें ठेवतो. म्हणजे दूर कोठें तरी बसलेल्या अभियंत्यानें ठरविलेला संस्कार आधींच होऊन गेलेला असतो. तेव्हां संस्कार करावा कीं न करावा, हा प्रश्नच नाहीं. ज्यानें ती जागा पाहिली त्यानें तो करावा, कीं ज्यानें ती कधींच पाहिली नाहीं त्यानें, एवढाच प्रश्न आहे.

ही चिंता आजची नव्हे. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं होते. त्या काळच्या ओल्या कांचेवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. त्यामुळें जमीन नीट उतरेपर्यंत आकाश कोरें पडे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यानें १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचीं चित्रें घेतलीं, तेव्हां त्यांपैकीं कांहींत समुद्राची एक कांच व आकाशाची दुसरी कांच जोडून एक छाप काढला. आकाश त्याच जागचें व त्याच वेळचें असेल, तर हें निव्वळ दोषापनयन होय. पण एकच आकाश त्यानें एकाहून अधिक समुद्रांवर वापरलेलें आढळतें; तेथें मर्यादा ओलांडली गेली, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंतील अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यानें तरुणपणीं पियानोवादक होण्याची तयारी केली होती. म्हणून तो निगेटिव्हला स्वरलिपीची व तिच्यावरून काढलेल्या छापाला मैफलीची उपमा देई. न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचें त्याचें १९४१ सालचें चित्र प्रसिद्ध आहे. सूर्य मावळतीला गेलेला, प्रकाशमापक हातीं लागेना, अशा घाईंत त्यानें तें टिपलें. आणि पुढें अनेक वर्षें त्याच निगेटिव्हवरून छाप काढतांना तो आकाश अधिकाधिक गडद करीत गेला. चंद्र, ढग, घरें व थडग्यांवरील क्रूस जेथल्या तेथें राहिले. बदलला तो केवळ छायाप्रकाशाचा तोल. याच्या उलट उदाहरण १९८२ च्या फेब्रुवारींतील. नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या उभ्या मुखपृष्ठांत बसावे म्हणून गीझाचे दोन पिरॅमिड संगणकाच्या साह्यानें एकमेकांजवळ सरकविण्यांत आले, आणि त्यावर मोठी टीका झाली. गाण्याच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिल्यानें पदाचा विस्तार केला, दुसऱ्यानें पदच बदललें. हा भेद ध्यानांत ठेवून आतां प्रवासास निघूं.

वाई : रेषा आणि चौकट

कृष्णेच्या कांठीं वसलेल्या वाईला तेथील घाट व देवळें यांमुळें दक्षिण काशी म्हणतात. आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम येथेंच उभें राहिलें. गणपति घाटावरील ढोल्या गणपतीचें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधलें. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केलेली आहे. पुराचें पाणी तिच्यावर आदळून दुभंगावें, हा त्यांतील हेतु. सकाळच्या उन्हांत घाटाच्या पायऱ्या, त्यांवर धुणीं वाळत घालणाऱ्या बाया आणि वर उंच शिखर, असें हें दृश्य घेण्याचा मोह कोणालाहि होईल.

येथें दोन दोष हमखास येतात. पहिला, चित्र तिरपें होण्याचा. हात एका अंशानें जरी कलला तरी ४,००० बिंदु रुंदीच्या चित्रांत पाण्याची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारें ७० बिंदु चढते, आणि नदी चौकटींतून सांडून जाते कीं काय असें वाटूं लागतें. प्रत्येक साधनांत चित्र सरळ करण्याची सोय असते व पडद्यावर उभ्या-आडव्या रेषांची जाळी दिसते. मात्र रेषा जुळवितांना विचार हवा. आपल्यापासून तिरपी दूर जाणारी नदीची कड ही प्रत्यक्षांत समपातळींत असली तरी चित्रांत तिरपीच दिसावयाची. तिला आडवें करूं गेल्यास देऊळ कलंडतें. अशा वेळीं चौकटीच्या मध्याजवळची एखादी उभी वस्तु, दीपमाळ किंवा भिंतीचा कोपरा, प्रमाण मानावी.

दुसरा दोष उंच वस्तूंचा. शिखर चौकटींत यावें म्हणून कॅमेरा वर उचलला कीं भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकूं लागतात व देऊळ मागें पडत असल्यासारखें दिसतें. पर्स्पेक्टिव्ह नांवाच्या सोयीनें हा झुकाव काढतां येतो. पण त्या कामांत कडेचा भाग कातरला जातो, म्हणून चित्र घेतांनाच भोंवतीं थोडी मोकळी जागा सोडावी. झुकाव पुरताहि काढूं नये. उंच शिखराकडे मान वर करून पाहण्यांत जी नम्रता आहे, तिची किंचित् खूण चित्रांत राहिलेली बरी.

वाईपासून तीनेक किलोमीटरांवर मेणवली आहे. नाना फडणिसांचा वाडा, त्याच्या पाठीमागें कृष्णेंत उतरणारा घाट, आणि देवळाजवळ टांगलेली, वसईच्या १७३९ च्या विजयानंतर मराठ्यांनीं आणलेली पोर्तुगीज घंटा. इतकें वैभव इतक्या लहान जागेंत क्वचितच सांपडेल. ‘स्वदेस’ या २००४ सालच्या चित्रपटांत हा घाट अनेकांनीं पाहिला असेल. येथें शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे चौकट कातरणें, ज्याला क्रॉप म्हणतात. हौशी माणसाच्या चित्रांत बहुधा सर्वच असतें : आकाश, झाडें, घाट, मोटारी, पाट्या आणि आपलींच चपलांची रांग. डोळा कशापाशीं थांबला होता हें आठवावें आणि बाकीचें निःशंकपणें कापावें. कापण्याचाहि हिशेब आहे. ६,००० बिंदु लांब व ४,००० बिंदु रुंद चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली तर २ कोटी ४० लक्ष बिंदूंचे ६० लक्ष उरतात. इंचाला ३०० बिंदु या उत्तम छपाईच्या मापानें तें चित्र दहा इंच लांब व साडेसहा इंचांहून थोडें अधिक रुंद छापतां येतें. भिंतीवरच्या मध्यम चौकटीस तें पुरतें. त्याहून अधिक कातरूं नये.

कातरणें आणि पुसणें यांत मात्र अंतर आहे. एक पाऊल पुढें टाकून जें टाळतां आलें असतें तें कातरण्यास हरकत नाहीं. पण घाटावरील विजेची तार वा शेजारचें पत्र्याचें छप्पर पुसून टाकणें ही गोष्ट वेगळी. आतां त्यासाठीं फार श्रमहि नकोत. २०२३ पासून फोटोशॉपमध्यें कृत्रिम बुद्धीच्या साह्यानें हवें तें पुसण्याची व नव्हतें तें घालण्याचीहि सोय झाली आहे. सोय जितकी मोठी, तितका नियम कडक हवा. आम्हीं घरांत असा नियम ठेविला आहे कीं, जें तासाभरानें आपोआप गेलें असतें तें पुसावें, जें तेथें राहणारें आहे तें राहूं द्यावें. भिंगावरील धुळीचा ठिपका, पाण्यावरून वाहत आलेली पिशवी, मध्येंच शिरलेली कोणाची छत्री, यांना रजा द्यावी. खांबाला व छपराला देऊं नये. आमच्या एका वृद्ध मावशींचें माहेर वाईचें. गुडघ्यांमुळें त्यांना आतां प्रवास होत नाहीं. घाटाचें चित्र हातीं घेऊन त्यांनीं प्रथम विचारलें तें देवळाविषयीं नव्हे, “हें पत्र्याचें केव्हां झालें?” असें त्यांनीं विचारलें, आणि मग त्या जागीं पूर्वीं काय होतें तें मुलांना सांगत बसल्या. छप्पर पुसलें असतें तर ती हकीकतहि पुसली गेली असती.

महाबळेश्वर : धुकें आणि प्रकाश

वाईहून पसरणीच्या घाटानें पांचगणी व तेथून महाबळेश्वर. येथील विल्सन पॉइंट समुद्रसपाटीपासून १,४३९ मीटर उंच आहे, आणि वर्षाकाठीं साधारण पांच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस या डोंगरमाथ्यावर पडतो. क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचा उगम मानतात. त्यांपैकीं कृष्णा पूर्वेस बंगालच्या उपसागराची वाट धरते, तर सावित्री पश्चिमेस कोंकणांत उडी घेऊन अरबी समुद्रास मिळते. क्षेत्राच्या पुढें आर्थर सीटवर उभें राहिलें कीं सावित्रीची ती प्रचंड दरी पायांखालीं उघडते. समोरच्या कड्यांवर एकावर एक आडवे थर दिसतात. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचे ते थर होत. पावसाळ्याच्या अखेरीस त्यांच्यावर हिरवें गवत व पांढरे झरे उतरलेले असतात.

हें दृश्य चित्रांत हटकून फिकें येतें. कारण असें कीं, आपल्या व दूरच्या कड्याच्या मध्यें कित्येक किलोमीटरांची हवा असते. तींतील बाष्प, धूळ व हवेचे कण प्रकाश इतस्ततः पसरवितात, आणि त्या पसरलेल्या प्रकाशाचा पांढुरका-निळसर पडदा दूरच्या सांवल्यांवर चढतो. मन डोळ्यांना सांभाळून घेतें व आपण पडद्याआडचेंहि पाहतों; कॅमेरा पडदाच पाहतो. याला उपाय म्हणून साधनांत हिस्टोग्राम नांवाचा आलेख असतो. त्यांत डावीकडे काळे व उजवीकडे पांढरे बिंदु किती, हें दिसतें. धुक्याच्या चित्राचा आलेख मध्यें दाटलेला व दोन्ही टोकांस रिकामा असतो. काळ्याची मर्यादा किंचित् उजवीकडे व पांढऱ्याची किंचित् डावीकडे आणली कीं आलेख पसरतो आणि कड्यांवरील थर उमटूं लागतात.

डीहेझ नांवाची आणखी एक सोय आहे. ती धुक्याचा अंदाज घेऊन तें कमी करते. नवशिक्याचा हात तेथेंच सुटतो. एकामागून एक डोंगराच्या रांगा जों जों दूर जातात तों तों त्या अधिक फिक्या व निळ्या दिसतात. अंतर किती आहे हें डोळ्याला त्यावरूनच समजतें. धुकें सर्वच काढून टाकलें तर जवळचा सुळका व दूरचा कडा एकाच भिंतीवर चिकटविल्यासारखे दिसतात, आणि जी खोली दाखविण्यासाठीं एवढा खटाटोप केला तीच नाहींशी होते. म्हणून पट्टी सरकवीत न्यावी, थर स्पष्ट होतांच थांबावें, आणि मग थोडें मागें यावें. त्याऐवजीं खालचा जवळचा भागच तेवढा ठसठशीत करून दूरचा तसाच ठेवला तर दरी अधिक खोल भासते. एखाद्याच भागावर काम करण्याची ही युक्ति जुनीच आहे. अंधाऱ्या खोलींत छाप काढतांना कागदाच्या एखाद्या भागावर हाताची सांवली धरून तो उजळ ठेवीत, व दुसऱ्या भागावर अधिक वेळ प्रकाश पाडून तो गडद करीत.

सावित्रीच्या खोऱ्यांत एक गोष्ट विसरतां येत नाहीं. जुलै २०२१ मधील अतिवृष्टींत या पट्ट्यांत ठिकठिकाणीं दरडी कोसळल्या. खालीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर डोंगर घसरून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. हिरव्या उतारावर तांबड्या मातीचा ओरखडा दिसला तर तो चित्राचा दोष समजून गवताच्या तुकड्यानें बुजविणें साधनाला एका क्षणाचें काम आहे. पण तो ओरखडा म्हणजे डोंगराची साक्ष होय. तो पुसणारानें चित्र सुंदर केलें असेल. परंतु त्या दरीखालीं राहणाऱ्या माणसांच्या बाजूचा एक साक्षीदार मात्र त्यानें कमी केला.

संध्याकाळीं बॉम्बे पॉइंटवरून सूर्यास्त पाहण्यास गर्दी लोटते. येथें दोष रंगछटेचा येतो. प्रकाशाची छटा केल्विन या मापानें सांगतात. दुपारचें ऊन सुमारें ५,५०० केल्विन, उघड्या आकाशाखालची सांवली ७,००० किंवा अधिक व निळसर, तर मावळतीचा प्रकाश ३,००० च्या आसपास व तांबूस. कॅमेऱ्याची स्वयंचलित व्हाइट बॅलन्स ही सोय पांढऱ्याला पांढरें ठेवण्याच्या भरांत मावळतीचा तांबूसपणाच दोष समजून धुऊन टाकते, आणि सूर्यास्त दुपारसारखा दिसतो. तेथें छटा पुन्हां उबदार करणें म्हणजे घेतलेलें परत करणें होय. हात कोठें थांबवावा, याला त्या वेळीं जवळ असलेली एखादी ओळखीची वस्तु कामीं येते. कोणाचें पांढरें उपरणें त्या उन्हांत केशरी झालें होतें कीं फिकट पिवळें, हें आठवावें व तेथें थांबावें.

कास : रंग

साताऱ्यापासून सुमारें पंचवीस किलोमीटरांवर कासचें पठार आहे. जांभ्या दगडाच्या माथ्यावर मातीचा पातळ थर. मोठें झाड रुजण्यास जागा नाहीं. म्हणूनच पावसाळ्यानंतर कांहीं आठवडे तेथें फुलांचें राज्य असतें. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद, आणि निळ्या-जांभळ्या रंगाची चिमुकली सीतेची आसवें. हें शेवटचें फूल दिसावयास इतकें नाजूक, पण त्याची वनस्पति सूक्ष्म जीव पकडून खाते. टोपली कारवी सात-आठ वर्षांनीं एकदां फुलते. युनेस्कोनें २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कासचा समावेश आहे.

रंगांच्या बाबतींत साधनांत दोन पट्ट्या शेजारी-शेजारी असतात : सॅच्युरेशन व व्हायब्रन्स. पहिली सर्वच रंगांना सारखीच भडक करते. दुसरी मुख्यतः फिक्या रंगांना उचलते व आधींच गडद असलेल्यांना फारसा धक्का देत नाहीं. तेरड्याचा गुलाबी रंग मुळांतच इतका प्रखर कीं कॅमेऱ्याच्या तांबड्या रंगाच्या २५६ पायऱ्या तेथें जवळजवळ संपलेल्या असतात. त्यावर सॅच्युरेशन वाढविलें कीं शेवटची पायरी गांठली जाते, पाकळीवरील शिरा व सांवली नाहींशी होतात, आणि फुलांच्या ताटव्याऐवजीं गुलाबी रंगाचा डाग उरतो. येथें उलटी युक्ति करावी. गुलाबी रंगाचा उजळपणा किंचित् उतरवावा, म्हणजे पाकळी परत दिसूं लागते. हिरव्याचें तसेंच. मोबाइलच्या चित्रांत गवत पिवळट, विजेच्या दिव्यासारखें चमकतें. त्याची छटा थोडी निळ्याकडे सरकवून गडदपणा उतरविला कीं पावसानें भिजलेलें खरें गवत दिसतें.

कासला हा विषय केवळ सौंदर्याचा राहत नाहीं. पठार क्षितिजापर्यंत गालिचासारखें जांभळें-गुलाबी झालेलीं चित्रें पाहून जो मनुष्य येतो, त्याला प्रत्यक्षांत तळव्याएवढ्या जागेंत वांकून पाहण्यासारखीं इवलीं फुलें दिसतात. मग तो फसल्यासारखा होतो आणि चित्रांतला गालिचा शोधीत फुलांतून चालूं लागतो. गर्दीपायीं तेथील प्रवेशावर मर्यादा घालावी लागली आहे. मातीच्या त्या पातळ थरावर पडलेलें प्रत्येक पाऊल पुढच्या वर्षींच्या बियांवर पडतें. भडक चित्रांनीं पाहणाराची फसवणूक होते, ती एक वेळ क्षम्य म्हणतां येईल. फुलांची होते ती कशी म्हणावी?

घरीं बसून

आतां कामाचा क्रम थोडक्यांत सांगतों. प्रथम चित्र सरळ करावें व नको तो भाग कातरावा. नंतर एकंदर उजेड ठरवावा. मग हायलाइट्स या पट्टीनें ढग सांवरावे व शॅडोज या पट्टीनें सांवली उजळावी. त्यानंतर रंगछटा, मग छायाप्रकाशाचा भेद, मग रंगांचा गडदपणा, आणि सर्वांच्या शेवटीं रेषांची धार. धार लावतांना डोंगराच्या कडेभोंवतीं पांढरी किनार उमटली तर हात फार पुढें गेला असें समजावें. यासाठीं विकत कांहींच घ्यावें लागत नाहीं. संगणकावर रॉ चित्रांसाठीं डार्कटेबल व रॉथेरपी, इतर कामास गिंप, आणि मोबाइलवर स्नॅपसीड हीं सर्व साधनें विनामूल्य आहेत.

मात्र तीन पथ्यें अवश्य पाळावीं. मूळ चित्र जसेंच्या तसें निराळें जपून ठेवावें व संस्कार त्याच्या प्रतीवरच करावे. एका बैठकींत काम संपवूं नये. डोळा भडक रंगाला पांच मिनिटांत सरावतो. रात्रीं केलेलें चित्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहावें, म्हणजे कोठें जास्त झालें तें आपोआप कळतें. आणि प्रत्येक चित्राखालीं स्थळ, दिवस व वेळ लिहावी, व कांहीं पुसलें असल्यास तेंहि लिहावें. एकत्र कुटुंबांत आणखी एक चौथें साधन फुकट मिळतें. प्रवासास बरोबर असलेल्या दोघांना तें चित्र दाखवावें, आणि “असेंच होतें का ?” एवढेंच विचारावें. लहान मुलांच्या उत्तरावर विशेष भरंवसा ठेवावा. त्यांना कौतुक करण्याची रीत अजून समजलेली नसते.

आपल्या घरोघरीं पणजोबांचीं एक-दोन चित्रें असतात. त्यांतल्या फेट्याचा पीळ, अंगरख्याच्या घड्या, मागचा रंगविलेला पडदा, हें सर्व आपण बारकाईनें पाहतों, कारण त्या काळाची दुसरी साक्ष आपल्यापाशीं थोडी आहे. कृष्णेचा घाट, सावित्रीची दरी आणि कासचें पठार हीं पुढील पन्नास वर्षांत कशीं राहतील, हें कोणाच्या हातीं आहे कोण जाणे. पण आजच्या भाद्रपदांत तीं कशीं होतीं, हें आपल्या नातवंडांना प्रामाणिकपणें दाखविणें मात्र आपल्या हातीं आहे. भांडें घासून लखलखीत करावें. पण त्यावर कोरलेलें नांव घासून घालवूं नये.